शीतयुद्ध : लष्करी करार आणि शस्त्रस्पर्धेचे दुष्टचक्र

दुसऱ्या महायुद्धात हिटलरविरुद्ध एकत्र लढलेली अमेरिका आणि सोव्हिएत युनियन ही राष्ट्रे युद्ध संपताच परस्परांची प्रतिस्पर्धी बनली. पुढील सुमारे साडेचार दशके या दोन महासत्तांमध्ये प्रत्यक्ष युद्ध झाले नाही. मात्र त्यांच्या चढाओढीत जगाचा मोठा भाग दोन लष्करी गटांत विभागला गेला आणि १९८६ च्या सुमारास जगातील अण्वस्त्रांची संख्या ७० हजारांच्या घरात पोहोचली. लष्करी करार आणि शस्त्रस्पर्धा या एकाच काळात घडलेल्या दोन स्वतंत्र गोष्टी नव्हत्या. मित्रराष्ट्राला दिलेले संरक्षणाचे वचन पाळण्यासाठी शस्त्रे वाढवावी लागली, ती शस्त्रे पाहून समोरच्याने आपला गट अधिक घट्ट बांधला आणि त्या गटाच्या धास्तीने पुन्हा शस्त्रे वाढली. हे चक्र कसे सुरू झाले आणि ते थांबविण्यासाठी काय करावे लागले, याचा हा आढावा.

विजेत्यांमधील अविश्वास

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे रुझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन हे तीन नेते भेटले, तेव्हा जर्मनीचा पराभव निश्चित झाला होता. प्रश्न होता तो युद्धोत्तर युरोपचा. या युद्धात सोव्हिएत युनियनची सुमारे २ कोटी ७० लाख माणसे मृत्युमुखी पडली होती. पश्चिमेकडून होणारे आक्रमण पुन्हा सोसावे लागू नये यासाठी आपल्या सीमेलगत अंकित राष्ट्रांचा पट्टा असावा, अशी स्टालिनची भूमिका होती. अमेरिका आणि ब्रिटनला मात्र पोलंड, रुमानिया, बल्गेरिया येथे लादल्या जाणाऱ्या कम्युनिस्ट राजवटी हा विस्तारवाद वाटत होता. हिटलरला १९३८ मध्ये म्युनिक येथे दिलेल्या सवलतींचा अनुभव ताजा असल्याने, हुकूमशहाला वेळीच न रोखल्यास पुढे मोठे युद्ध करावे लागते, ही धारणा त्यांच्या मनात पक्की झाली होती. थोडक्यात, दोन्ही बाजू मागील युद्धाचा धडा गिरवीत होत्या. परंतु त्यांचे धडे वेगवेगळे होते.

त्यातच अणुबॉम्बची भर पडली. १६ जुलै १९४५ रोजी अमेरिकेने न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिली अणुचाचणी केली आणि आठच दिवसांनी पॉट्सडॅम परिषदेत अध्यक्ष ट्रुमन यांनी नव्या विध्वंसक शस्त्राचा ओझरता उल्लेख स्टालिनकडे केला. हेरांमार्फत स्टालिनला त्याची कल्पना आधीच होती. हिरोशिमा व नागासाकीवरील बॉम्बहल्ल्यांनंतर सोव्हिएत अणुकार्यक्रमाला सर्वोच्च प्राधान्य देण्यात आले.

हे शस्त्र आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आणण्याचा एक प्रयत्न जून १९४६ मध्ये झाला. अमेरिकेच्या वतीने बर्नार्ड बरूक यांनी संयुक्त राष्ट्रसंघापुढे तशी योजना मांडली. मात्र तपासणीची व्यवस्था आधी उभी राहावी आणि मगच आपण बॉम्ब सोडू, असे अमेरिकेचे म्हणणे होते. तर आधी बॉम्ब नष्ट करा, मग तपासणीचे बोलू, असा सोव्हिएत आग्रह होता. हा वाद सुरू असतानाच जुलैमध्ये अमेरिकेने बिकिनी बेटांवर अणुचाचण्या केल्या. योजना बारगळली. आधी कोणी विश्वास ठेवायचा, हा तिथे अडलेला प्रश्न पुढील चाळीस वर्षे जवळजवळ प्रत्येक वाटाघाटीत पुन्हा उभा राहिला.

बर्लिनची कोंडी आणि 'नाटो'

मार्च १९४६ मध्ये फुल्टन येथील भाषणात चर्चिल यांनी युरोपवर उतरलेल्या पोलादी पडद्याचा उल्लेख केला. पुढील वर्षी १२ मार्च रोजी ट्रुमन यांनी ग्रीस व तुर्कस्तानसाठी ४० कोटी डॉलरची मदत मागताना कम्युनिझमचा दबाव सोसणाऱ्या राष्ट्रांना पाठबळ देण्याचे धोरण जाहीर केले. पाठोपाठ युरोपच्या आर्थिक पुनर्बांधणीसाठी मार्शल योजना आली. तिच्याखाली सुमारे १३०० कोटी डॉलर पश्चिम युरोपात ओतण्यात आले. स्टालिनने पूर्व युरोपीय राष्ट्रांना ही मदत घेण्यास मनाई केली. फेब्रुवारी १९४८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांनी सत्ता काबीज केली, तेव्हा पश्चिम युरोप हादरला. महिनाभरात ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी ब्रुसेल्स येथे परस्पर संरक्षणाचा करार केला.

खरी कसोटी लागली ती बर्लिनमध्ये. पश्चिम जर्मनीत नवे चलन सुरू केल्याच्या निषेधार्थ २४ जून १९४८ पासून सोव्हिएत सैन्याने पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले. वीस लाखांहून अधिक नागरिकांना अन्न आणि कोळसा पुरविण्यासाठी अमेरिका व ब्रिटनने हवाई मार्गाचा अवलंब केला. सुमारे २ लाख ७७ हजार विमानफेऱ्यांतून २३ लाख टन सामग्री उतरविण्यात आली. १२ मे १९४९ रोजी कोंडी उठली, पण तोवर युरोपचे राजकारण पालटले होते. त्याच वर्षी ४ एप्रिल रोजी वॉशिंग्टन येथे १२ राष्ट्रांनी उत्तर अटलांटिक करारावर स्वाक्षऱ्या केल्या आणि 'नाटो' अस्तित्वात आली. एका सदस्यावरील सशस्त्र हल्ला हा सर्वांवरील हल्ला मानला जाईल, असे सांगणारे पाचवे कलम हा या कराराचा गाभा होय. शांततेच्या काळात युरोपशी लष्करी बंधन न पत्करण्याची दीड शतकाची परंपरा अमेरिकेने या स्वाक्षरीने मोडली.

वॉर्सा करार

प्रारंभी 'नाटो' हा मुख्यतः राजकीय दिलासा होता. जून १९५० मध्ये उत्तर कोरियाने दक्षिण कोरियावर आक्रमण केल्यावर त्याला लष्करी रूप आले. एकत्रित सेनापतिपद निर्माण करून त्यावर जनरल आयसेनहॉवर यांची नेमणूक झाली. युरोपचे रक्षण जर्मन सैनिकांवाचून शक्य नाही, हे लवकरच स्पष्ट झाले. दहा वर्षांपूर्वी रशिया बेचिराख करणाऱ्या जर्मनीच्या हाती पुन्हा शस्त्रे देण्याच्या कल्पनेने मॉस्को अस्वस्थ झाले. मार्च १९५४ मध्ये सोव्हिएत युनियनने स्वतःच 'नाटो'त सामील होण्याची तयारी दर्शविली. पाश्चात्य राष्ट्रांनी ती डावपेच समजून फेटाळली.

मे १९५५ मध्ये पश्चिम जर्मनी 'नाटो'चा सदस्य झाला आणि काही दिवसांतच, १४ मे रोजी, सोव्हिएत युनियनसह आठ राष्ट्रांनी वॉर्सा करार केला. दोन्ही करारांची भाषा संरक्षणाचीच होती. फरक होता तो व्यवहारात. वॉर्सा कराराच्या फौजांनी एकत्र येऊन केलेली सर्वांत मोठी कारवाई 'नाटो'विरुद्ध नव्हती. ऑगस्ट १९६८ मध्ये त्या फौजा आपल्याच गटातील चेकोस्लोव्हाकियात घुसल्या. त्याआधी १९५६ मध्ये हंगेरीचा उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला होता. 'नाटो'तून बाहेर पडणे सदस्यांच्या इच्छेवर होते; १९६६ मध्ये फ्रान्स एकत्रित लष्करी यंत्रणेतून बाहेर पडला तेव्हा त्याच्यावर कोणी रणगाडे धाडले नाहीत.

महाबॉम्बकडे वाटचाल

२९ ऑगस्ट १९४९ रोजी सोव्हिएत युनियनने पहिली अणुचाचणी केली. अमेरिकेची मक्तेदारी चार वर्षांतच संपली. त्याहून शक्तिशाली हायड्रोजन बॉम्ब बनवावा काय, यावर अमेरिकेत वाद झाला. रॉबर्ट ओपेनहायमर यांच्या अध्यक्षतेखालील शास्त्रज्ञांच्या सल्लागार समितीने या बॉम्बला विरोध केला होता. तथापि आपण न बनविल्यास रशिया बनवील, या युक्तिवादापुढे तो टिकला नाही. ३१ जानेवारी १९५० रोजी ट्रुमन यांनी संमती दिली.

१ नोव्हेंबर १९५२ रोजी प्रशांत महासागरातील एनिवेटोक प्रवाळद्वीपावर झालेल्या चाचणीत एक अख्खे बेट नाहीसे झाले. हा स्फोट हिरोशिमाच्या बॉम्बहून सुमारे ७०० पट शक्तिशाली होता. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी येथील चाचणीत अपेक्षेहून कितीतरी अधिक शक्ती बाहेर पडली आणि किरणोत्सारी राख दूरवरच्या एका जपानी मासेमारी नौकेवर पडली. नौकेवरील २३ जण आजारी पडले. त्यांपैकी एकाचा सहा महिन्यांनी मृत्यू झाला. सोव्हिएत युनियनने ३० ऑक्टोबर १९६१ रोजी सुमारे ५० मेगाटनांचा स्फोट घडवून यावर कडी केली. एवढा अवजड बॉम्ब युद्धात वापरणे जवळपास अशक्य होते; त्याचा हेतू धाक दाखविणे एवढाच होता.

स्वस्त वचन, महाग शस्त्रे

अण्वस्त्रांची संख्या एवढी का वाढली, याचे एक उत्तर लष्करी करारांतच सापडते. १९५२ मध्ये लिस्बन येथे 'नाटो'ने ९६ डिव्हिजन उभ्या करण्याचे उद्दिष्ट ठेवले. युद्धातून नुकत्याच सावरणाऱ्या युरोपला एवढे खडे सैन्य परवडणारे नव्हते. अध्यक्ष झालेल्या आयसेनहॉवर यांनाही लष्करी खर्च आवरायचा होता. सैनिकाच्या जागी अण्वस्त्र, हा त्यावरील स्वस्त उपाय ठरला. जानेवारी १९५४ मध्ये परराष्ट्रमंत्री डलेस यांनी प्रचंड प्रतिहल्ल्याचे धोरण जाहीर केले. अमेरिकेची अण्वस्त्रे १९५० मध्ये सुमारे ३०० होती. १९६० पर्यंत ती १८ हजारांहून अधिक झाली. त्यांतील हजारो युरोपातील तळांवर ठेवण्यात आली.

परंतु सोव्हिएत क्षेपणास्त्रे अमेरिकेपर्यंत पोहोचू लागताच या वचनाविषयी शंका उत्पन्न झाली. पॅरिस वाचविण्यासाठी अमेरिका न्यूयॉर्क पणाला लावील काय, असा फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांचा प्रश्न होता. फ्रान्सने १९६० मध्ये स्वतःचा बॉम्ब तयार केला. ब्रिटनने तो १९५२ मध्येच केला होता. दुसऱ्या गटातही हेच घडले. फेब्रुवारी १९५० मध्ये सोव्हिएत युनियनशी मैत्रीचा करार करणाऱ्या चीनचे पुढे मॉस्कोशी बिनसले आणि त्याने १९६४ मध्ये स्वतंत्रपणे अणुचाचणी केली. वचनावरचा विश्वास जितका कमी, तितकी शस्त्रे अधिक, असा हा हिशेब होता.

कल्पनेतील पिछाडी

स्पर्धेला खऱ्या शस्त्रांइतकेच कल्पनेतील शस्त्रांनीही बळ दिले. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत युनियनने 'स्पुटनिक' हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. तो वाहून नेणारा अग्निबाण मुळात आंतरखंडीय क्षेपणास्त्र होता. आपण क्षेपणास्त्रांत मागे पडल्याची भावना अमेरिकेत पसरली आणि १९६० च्या अध्यक्षीय निवडणुकीत केनेडी यांनी हा प्रचाराचा मुद्दा केला. प्रत्यक्षात सप्टेंबर १९६१ मध्ये हेरगिरी उपग्रहांच्या छायाचित्रांवरून केलेल्या अंदाजात सोव्हिएत आंतरखंडीय क्षेपणास्त्रांची संख्या अवघी १० ते २५ निघाली. पिछाडी होती ती रशियाची. तोवर अमेरिकेत शेकडो क्षेपणास्त्रांचे कार्यक्रम मंजूर झाले होते, आणि ते रद्द झाले नाहीत. लष्कर आणि शस्त्रोद्योग यांच्या युतीचा प्रभाव वाढत असल्याचा इशारा आयसेनहॉवर यांनी जानेवारी १९६१ मध्ये निरोपाच्या भाषणात दिला, त्याला ही पार्श्वभूमी होती.

क्युबाचे तेरा दिवस

खरी पिछाडी भरून काढण्याचा सोपा मार्ग म्हणून ख्रुश्चेव्ह यांनी १९६२ मध्ये मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे गुप्तपणे क्युबात नेली. अमेरिकेने 'नाटो'तील वचनापोटी तुर्कस्तान आणि इटलीत 'ज्युपिटर' क्षेपणास्त्रे उभी केली होती, तोच न्याय त्यांनी लावला. १६ ऑक्टोबरला केनेडी यांना छायाचित्रे दाखविण्यात आली. २२ ऑक्टोबरला त्यांनी क्युबाच्या नाकेबंदीची घोषणा केली. २७ ऑक्टोबर हा सर्वांत धोक्याचा दिवस ठरला. क्युबावर अमेरिकेचे टेहळणी विमान पाडण्यात आले. त्याच दिवशी अमेरिकी युद्धनौकांनी घेरलेल्या एका सोव्हिएत पाणबुडीवर आण्विक पाणतीर सोडण्याचा विचार झाला. पाणबुडीवरील वरिष्ठ अधिकारी वासिली अर्खिपोव्ह यांनी विरोध केल्याने तो टळला. त्या पाणबुडीवर अण्वस्त्र आहे, याची अमेरिकी नौदलाला कल्पना नव्हती. दुसऱ्या दिवशी ख्रुश्चेव्ह यांनी माघार जाहीर केली. तुर्कस्तानातील क्षेपणास्त्रे हलविण्याचे केनेडी यांचे आश्वासन गुप्त ठेवण्यात आले.

भारतीय उपखंडातील पडसाद

हे गट आशियातही पसरले. सप्टेंबर १९५४ मध्ये मनिला येथे 'सीटो' करार झाला. नावात आग्नेय आशिया असला तरी आठ सदस्यांपैकी त्या भागातील राष्ट्रे दोनच होती : थायलंड आणि फिलिपाइन्स. १९५५ मध्ये बगदाद करार झाला. इराक बाहेर पडल्यावर १९५९ मध्ये त्याचे 'सेंटो' असे नामांतर झाले. पाकिस्तान दोन्ही करारांत सहभागी झाला. पंडित नेहरूंनी या करारांना विरोध करून अलिप्ततेचे धोरण स्वीकारले. बिकिनीच्या चाचणीनंतर महिनाभरातच, एप्रिल १९५४ मध्ये, अणुचाचण्या थांबविण्याचे आवाहनही त्यांनी केले होते.

कम्युनिझमविरुद्ध म्हणून पाकिस्तानला मिळालेली शस्त्रे भारताविरुद्ध वापरली जाणार नाहीत, असे आश्वासन आयसेनहॉवर यांनी नेहरूंना दिले होते. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानचे अमेरिकी पॅटन रणगाडे खेमकरणच्या परिसरात भारतीय सैन्यापुढे उभे ठाकले, तेव्हा त्या आश्वासनाचे मोल कळले. पाकिस्तानला अमेरिकेकडून अत्याधुनिक 'स्टारफायटर' लढाऊ विमाने मिळाली होती. त्यांना उत्तर म्हणून भारताने सोव्हिएत 'मिग-२१' विमाने निवडली. त्यांच्या निर्मितीसाठी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६४ मध्ये, नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला. पुढे जुलै १९७१ मध्ये पाकिस्तानच्या मध्यस्थीने अमेरिका व चीन जवळ येताच, ९ ऑगस्टला भारताने सोव्हिएत युनियनशी मैत्री करार केला. अलिप्त राहू इच्छिणाऱ्या राष्ट्रालाही महासत्तांच्या गणितापासून पूर्णपणे दूर राहता आले नाही, हा त्याचा अर्थ. 'सीटो' १९७७ मध्ये आणि 'सेंटो' १९७९ मध्ये विसर्जित झाला. शीतयुद्धाने आलेली 'मिग-२१' विमाने मात्र सप्टेंबर २०२५ पर्यंत भारतीय हवाई दलात होती.

नियंत्रणाचे करार

क्युबाच्या अनुभवाने दोन्ही राजधान्या भानावर आल्या. १९६३ मध्ये वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट संपर्कव्यवस्था सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये वातावरणातील, अंतराळातील व पाण्याखालील अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. १९६८ मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करार आला. पाच राष्ट्रांची अण्वस्त्रे मान्य करून इतरांवर बंधन घालणारा हा करार भेदभाव करतो, या भूमिकेतून भारताने त्यावर स्वाक्षरी केली नाही.

मे १९७२ मध्ये निक्सन आणि ब्रेझनेव्ह यांनी क्षेपणास्त्रांच्या संख्येवर आणि क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घातल्या. ढालीवर बंधन कशासाठी, असा प्रश्न वाचकाला पडेल. एकाने ढाल उभारली की ती भेदण्यासाठी दुसरा अधिक भाले तयार करतो. दोघांनीही स्वतःला उघडे ठेवले तर पहिला वार करण्याचा मोह कोणालाच होणार नाही, असे त्यामागील तर्कशास्त्र होते. तथापि क्षेपणास्त्रे मोजली गेली, त्यांवरील अण्वस्त्रे नाहीत. एकाच क्षेपणास्त्रावर अनेक अण्वस्त्रे बसविण्याच्या तंत्राने संख्या वाढतच राहिली.

१९८३ : पुन्हा कड्यावर

१९७६ पासून सोव्हिएत युनियनने युरोपच्या रोखाने 'एसएस-२०' क्षेपणास्त्रे तैनात केली. डिसेंबर १९७९ मध्ये 'नाटो'ने वाटाघाटी आणि प्रति-तैनाती असे दुहेरी धोरण ठरविले. त्याच महिन्यात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. मार्च १९८३ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी अंतराळातून क्षेपणास्त्रे रोखण्याची योजना जाहीर केली. १ सप्टेंबरला सोव्हिएत विमानांनी वाट चुकलेले कोरियन प्रवासी विमान पाडले आणि २६९ जण ठार झाले. याच वातावरणात २६ सप्टेंबरच्या रात्री सोव्हिएत इशारा यंत्रणेने अमेरिकेतून पाच क्षेपणास्त्रे निघाल्याचे दाखविले. कर्तव्यावरील लेफ्टनंट कर्नल स्टॅनिस्लाव्ह पेट्रोव्ह यांनी हा यंत्रणेचा दोष असल्याचे अनुमान काढून तसे वरिष्ठांना कळविले. ते अनुमान खरे ठरले. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता.

युरोपातील लाखो नागरिक या काळात रस्त्यावर उतरले. १९८५ मध्ये सत्तेवर आलेल्या मिखाईल गोर्बाचेव्ह यांना शस्त्रस्पर्धेचा भार देशाच्या अर्थव्यवस्थेला पेलवत नसल्याची जाणीव होती. ८ डिसेंबर १९८७ रोजी रेगन व गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांविषयीचा करार केला. त्यान्वये २६९२ क्षेपणास्त्रे नष्ट करण्यात आली आणि परस्परांच्या तळांवर जाऊन तपासणी करण्यास प्रथमच मान्यता मिळाली. १९४६ मध्ये ज्या मुद्द्यावर बोलणी फिसकटली होती, तो मुद्दा एकेचाळीस वर्षांनी सुटला.

आजची स्थिती

१ जुलै १९९१ रोजी वॉर्सा करार संपुष्टात आला आणि वर्षअखेर सोव्हिएत युनियनही विघटित झाले. 'नाटो' मात्र टिकली. शीतयुद्धात कधीही न वापरलेले पाचवे कलम तिने प्रथम वापरले ते ११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर. १९९९ पासून वॉर्सा करारातील जुने सदस्य तिच्यात येऊ लागले. पूर्व युरोपला तो रशियापासूनचा आधार वाटला, रशियाला तो वेढा वाटला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि त्याचा परिणाम म्हणून दीर्घकाळ तटस्थ राहिलेले फिनलंड व स्वीडन अनुक्रमे २०२३ आणि २०२४ मध्ये 'नाटो'त दाखल झाले. सदस्यसंख्या ३२ झाली.

दुसरीकडे नियंत्रणाचे करार एकेक करून गळून पडले. क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवरील करारातून अमेरिका २००२ मध्ये बाहेर पडली. १९८७ चा करार २०१९ मध्ये संपला. तैनात अण्वस्त्रांवर प्रत्येकी १५५० ची मर्यादा घालणाऱ्या २०१० च्या 'न्यू स्टार्ट' कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ रोजी संपली. जगातील अण्वस्त्रे ७० हजारांवरून सुमारे १२ हजारांवर आली, ही शीतयुद्धोत्तर काळाची मोठी कमाई होय. पण त्यांतील बहुतांश अद्याप रशिया व अमेरिकेकडेच आहेत आणि चीनचा साठाही वाढत आहे.

शीतयुद्धात अण्वस्त्रांच्या धाकामुळे शांतता टिकली, असे मानणारा एक मोठा वर्ग आहे. त्या मतात तथ्य नाही असे नाही. परंतु १९६२ आणि १९८३ च्या घटना पाहता, धाकाबरोबरच अर्खिपोव्ह आणि पेट्रोव्ह यांच्यासारख्यांचा सारासार विचारही कामी आला, हे विसरता येत नाही. परस्परांची शस्त्रे मोजण्याची आणि तपासण्याची जी व्यवस्था महासत्तांनी चार दशकांत घडविली, ती अशा व्यक्तींवरचा भार कमी करण्यासाठीच होती. ती व्यवस्था मोडली की गटांना आणि शस्त्रांना पुन्हा एकमेकांच्या भीतीवर वाढण्यास मोकळीक मिळते.